स्विमिंग पूलच्या कव्हरवर साचलेलं पावसाचं पाणी पंपाने काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. आधी साधे घेतलेत, अडचणीचे पुढे आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न 4 आणि 5 वाचूनच पंपाचं बटण दाबा. कव्हरवरून निघणारं पाणी पावसाचं आहे की पूलमधलं, हे न पाहता पंप लावल्यामुळेच सगळ्यात मोठं नुकसान होतं.

1. कव्हरवरचं पाणी काढलंच पाहिजे का? शेवटी खालीही पाणीच आहे ना?

काढलंच पाहिजे, आणि त्याचं पहिलं कारण लहान मुलं. कव्हर टाकलं की पूल बंद झाला असं वाटतं आणि घरातल्यांचं लक्ष उडतं. पण लहान मूल बुडायला 5 सेंमी पाणीसुद्धा पुरतं, आणि कव्हरच्या मध्यभागी ते याहून बरंच खोल असतं. ओलं कव्हर निसरडं असतं, मूल खोलगट भागाकडे घसरत जातं आणि हात टेकायला त्याला घट्ट जागा मिळत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ1346 या सुरक्षा कव्हरच्या मानकात, नेहमीचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात साचलेलं पाणी जवळजवळ सगळं निघून जावं अशी अट आहे, ती याचसाठी.

दुसरं कारण डास. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून पाऊस थोडाच झाला असला तरी आठवड्यातून एकदा कव्हर रिकामं करा. शिवाय पानं कुजून काळं झालेलं हे पाणी कव्हर उघडताना पूलमध्ये सांडलं, तर ते निवळायला कित्येक दिवस लागतात.

2. माझ्या कव्हरला पंप लागेल का?

कव्हर ताडपत्रीसारखं, पाणी अजिबात झिरपू न देणारं असेल तर लागेल. मोटरवर गुंडाळलं जाणारं विनाइलचं कव्हर याच प्रकारात येतं (प्रश्न 17).

जाळीच्या कव्हरमधून पाऊस थेट खाली जातो. त्याला पंप लागत नाही, उलट तो लावणं धोक्याचं असतं (प्रश्न 16). पट्ट्यापट्ट्यांच्या कव्हरचंही तसंच, पाणी फटींतून उतरतं. तरंगणाऱ्या बुडबुड्यांच्या कव्हरवर पंप ठेवायची गरज नाही. एका बाजूने ते गुंडाळत न्या, साचलेलं थोडं पाणी पूलमध्ये गेलं तर क्लोरीन आणि पीएच तपासून घ्या.

काही पक्क्या कव्हरांच्या मध्यभागी जाळीची पट्टी शिवलेली असते. तिथून पाणी जाईनासं झालं असेल तर आधी पट्टी बोटाने चोळून पाहा. बहुतेक वेळा मातीचा पातळ थर बसलेला असतो, मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने तो सुटतो.

3. पाणी किती आहे आणि काढायला किती वेळ लागेल, हे आधी कसं काढायचं?

1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद पूलचं क्षेत्रफळ 50 चौरस मीटर. त्यावर 60 मिमी पाऊस पडला की 3000 लिटर, म्हणजे 3 टन. काठाबाहेर आलेल्या कव्हरवरचं पाणीही आत उतरत असेल तर तेवढं क्षेत्रफळ धरा.

पंपाच्या खोक्यावर लिहिलेला प्रवाह नळी न जोडता, शून्य उंचीवर मोजलेला असतो. नळी जोडल्यावर त्याच्या निम्मा मिळेल असं धरून चाला. खोक्यावर तासाला 4000 लिटर लिहिलेला पंप प्रत्यक्षात तासाला 2000 लिटर देईल, म्हणजे वरच्या उदाहरणात दीड तास. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. दीड तासात संपायला हवं ते पाणी तीन तासांनीही संपत नसेल, तर पंप बंद करून प्रश्न 5 कडे वळा.

4. 3 टन पाण्याच्या वजनाने कव्हर फाटणार नाही का?

खालचं पाणी कव्हरला टेकलेलं असेल तर सहसा नाही. सैल कव्हर पूलच्या पाण्यावर तरंगत असतं. वर 3000 लिटर पाऊस साचला की तो खालचं तेवढंच पाणी बाजूला सारतो, आणि काठाशी पूलची पातळी वर चढते. प्रश्न 3 मधल्या उदाहरणात 6 सेंमी. म्हणजे भार कव्हरच्या कापडावर येत नाही, पूलच्या पाण्यावर येतो. कव्हरच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी जवळजवळ एकाच पातळीत राहतं, मध्ये फक्त कापडाचा पडदा.

खालची पातळी उतरलेली असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. कव्हर आणि पाणी यांच्यात पोकळी असली की सगळा भार कडेच्या शिवणींवर, पट्ट्यांवर आणि हुकांवर येतो. जमिनीवर उभ्या असलेल्या पूलमध्ये तो कडेच्या तारेमार्फत भिंतीच्या वरच्या कडेवर जातो, आणि पत्र्याची भिंत आत वाकते. म्हणून अशी पोकळी दिसली तर पाऊस थांबायची वाट न पाहता लगेच पंप लावा. पण त्याआधी पूलची पातळी का उतरली हे शोधा. कारण न शोधता उपसत राहिलात तर पोकळी आणखी वाढायचा धोका असतो.

5. पंप रात्रभर चालू ठेवला, तरी कव्हरवरचं पाणी संपत नाही. असं का?

कव्हरला भोक आहे आणि तुम्ही पूल उपसत आहात, ही शक्यता सगळ्यात आधी धरा.

हे भोक आधी कळत नाही, त्याचं कारण प्रश्न 4 मध्येच आहे. वरचं आणि खालचं पाणी एका पातळीत असतं तोवर भोकातून काही ये-जा होत नाही. पंप सुरू झाला, वरची पातळी उतरली, की खालचं पाणी भोकातून वर येऊ लागतं. पंपाच्या वजनाने कव्हर तिथे दबलेलं असतं, त्यामुळे ते आणखी जोरात येतं. 1 सेंमी व्यासाच्या भोकातून, पातळीत 5 सेंमीचा फरक टिकून राहिला तर, तासाला अंदाजे दीडशे लिटर पाणी वर येतं. दिवसभरात साडेतीन हजार लिटरच्या पुढे. दोन-तीन दिवस तसंच सोडलं तर पातळी इतकी उतरते की कव्हरचा आधार जातो. विनाइलचं अस्तर जागेवरून सरकतं, आणि जमिनीतलं पाणी वर असेल तर फायबरचा साचा उचललासुद्धा जाऊ शकतो.

खात्री अशी करून घ्या. पूल झाकतानाच काठाच्या टाइलवर किंवा स्किमरच्या (पूलचं वरचं पाणी फिल्टरकडे ओढणारी भिंतीतली खिडकी) तोंडावर पाण्याच्या पातळीला पक्क्या रंगाची खूण करून ठेवा. उपसताना पातळी थोडी खाली येणारच. पावसाने जेवढी वर चढवली होती तेवढी ती उतरते, आणि यात बिघडलं काही नसतं. पण झाकतानाच्या खुणेखाली ती जाऊ लागली की पंप बंद.

खूण केलेली नसेल तर कव्हर शक्य तितकं कोरडं करा, पंप उचलून घ्या आणि पाऊस नसलेला एक दिवस थांबा. सुरकुत्यांमधलं पाणी ओघळून मध्ये थोडं थारोळं होतं, ते सोडून द्या. पाऊस नसताना पाणी पुन्हा बोटभर साचलं तर भोक नक्की. ते शोधायला कोरड्या कव्हरवर लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ठिकठिकाणी हलकं दाबा. भोक असेल तिथे आधी एक चमकदार थेंब फुगतो, मग पातळ ओघळ निघतो. पंप नेहमी बसतो ती जागा, शिवणी आणि काठाच्या दगडाशी घासणारी कड आधी तपासा.

ठिगळ कव्हरच्याच जातीच्या कापडाचं घ्या, भोकाच्या चारी बाजूंनी 5 सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेलं. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा आणि मग विनाइलच्या गोंदाने चिकटवा. कव्हर पॉलिथिलीनचं असेल तर हा गोंद धरत नाही. त्याला ताडपत्रीची दुरुस्ती-पट्टी दोन्ही बाजूंनी लावा. साधी चिकटपट्टी उन्हात चार दिवसांत सुटते, तिच्या भरवशावर पंप लावू नका.

6. नवा पंप घेताना काय पाहायचं?

कव्हरसाठी बनवलेला किंवा सपाट तळाचा सबमर्सिबल पंप घ्या. तो तळाशी सगळीकडून पाणी घेणारा हवा, एका बाजूच्या तोंडातून ओढणारा नको. बूड रुंद हवं, म्हणजे मऊ कव्हरवर कलंडणार नाही. कडा गोल हव्यात. किती पाणी शिल्लक ठेवतो तो आकडा पाहा. चांगले पंप अर्ध्या सेंमीपर्यंत उपसतात.

मोठा पंप घेण्याचा मोह टाळा. पाणी जेमतेम दोन-तीन सेंमी उरलं की ते पंपापर्यंत हळूहळू वाहत येतं. मोठा पंप आपल्या पायाशी असलेलं पाणी क्षणात ओढतो आणि मग हवा खातो. 50 चौरस मीटरच्या पूलला तासाला 3000 ते 5000 लिटर क्षमतेचा पंप बास होतो.

आपोआप चालू-बंद होणारा पंप दोन प्रकारांचा असतो. एकात पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर असतो. दुसऱ्यात पंप ठरावीक मिनिटांनी क्षणभर फिरून पाणी आहे का हे चाचपतो. कव्हरसाठी आम्ही सेन्सरवाला सुचवू. दुसऱ्या प्रकारात कोरड्या दिवसांतही मोटर दिवसभर थोडी थोडी फिरत राहते आणि सील लवकर झिजतं.

7. घरात तळघरातलं पाणी काढायचा सबमर्सिबल आहे. तो चालणार नाही का?

चालेल, पण पंपाशेजारून हलायचं नाही. या पंपांचा लोंबता फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा गोळा, वर उचलला जायला साधारण 20 ते 30 सेंमी पाणी लागतं. कव्हरवर एवढं पाणी क्वचितच असतं, आणि फ्लोट कापडावर आडवा पडून राहतो. फ्लोट वरच्या स्थितीत बांधून हाताने चालवता येतो, मात्र मग पंप स्वतःहून बंद होणार नाही.

काठावर ठेवून पाइपने ओढणारा पंप टाळा. त्याचं ओढणारं तोंड कव्हरचं कापडच पकडतं. पूलच्या फिल्टरच्या पंपाला तर हे काम कधीच लावू नका. कव्हरवरची घाण फिल्टरमध्ये अडकते आणि पाणी परत पूलमध्येच येतं.

8. नळी किती जाडीची घ्यावी? बागेची चालेल का?

पंपापेक्षा नळीमुळेच जास्त अडतं. तासाला 2000 लिटर पाणी 15 मीटर नळीतून न्यायचं, तर 19 मिमी आतल्या व्यासाच्या नळीत घर्षणापोटी साधारण 4 मीटर हेड (पंप पाणी जेवढ्या उंचीवर चढवू शकतो तो जोर) खर्ची पडतं. 25 मिमीच्या नळीत तेच 1 मीटरवर येतं, 32 मिमीत जेमतेम 30 सेंमीवर. बागेच्या 12.5 मिमी नळीत ते 30 मीटरच्या घरात जाईल, आणि तेवढं हेड या पंपांना असतच नाही. म्हणून बारीक नळीतून पाणी अर्ध्याहूनही कमी येतं.

पंपाच्या तोंडाची जाडी असेल तीच नळी घ्या, लागेल तेवढीच लांब. सपाट गुंडाळली जाणारी नळी हलकी पडते, पण काठावरून वळताना हमखास मुडपते. त्या वळणावर कडक पाइपचा कोपरा लावा.

9. पंप लावायचा क्रम सांगा.

1. पूलच्या पातळीची खूण पाहा (प्रश्न 5).
2. तरंगणारी पानं जाळीने काढा. तळाशी बसलेली ओली पानं राहू द्या, ती ओढताना कव्हर फाटतं.
3. नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) काठावरच पंपाला घट्ट जोडा. व्हॉल्व्हवरचा बाण पंपापासून बाहेर जाणारा हवा.
4. पंपाच्या कड्याला नायलॉनची दोरी बांधा. वायरला धरून पंप कधीही उचलू नका. वायर जिथून आत जाते तिथलं सील ढिलं पडतं आणि पाणी मोटरमध्ये शिरतं.
5. दोरीला धरून पंप सगळ्यात खोल जागी सोडा, थोडा कलता करून. हवेचे बुडबुडे थांबले की सरळ बसवा.
6. नळीचं दुसरं टोक उताराला ठेवून त्यावर वजन ठेवा. सुरू होताना नळी उसळते.
7. सगळ्यात शेवटी प्लग लावा.

खोल जागा काठापासून दूर असेल तर दोघांनी समोरासमोर उभं राहा आणि दोरीचं एकेक टोक धरून पंप मध्ये न्या. कव्हरवर चालत जाऊ नका, ते माणूस पेलणारं असल्याचं लेबल असलं तरीही. पाण्याखाली पाय कुठे पडतोय हे दिसत नाही.

10. पाण्यात विजेचा पंप ठेवायला भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती योग्यच आहे. सॉकेटला 30 मिलिअँपिअरचं गळतीविरोधी संरक्षण, म्हणजे आरसीसीबी, हवंच. ते नसेल तर पंप लावू नका. दर वेळी आधी त्याचं टेस्ट बटण दाबून ते पडतं ना, हे पाहा. अर्थिंगची तिसरी पिन तोडलेली किंवा अडॅप्टरने चुकवलेली चालणार नाही.

वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली झोळ खाऊन मग वर चढू द्या. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन लागलंच तर बाहेर वापरायचं, तीन तारांचं, किमान 1.5 चौरस मिमी जाडीचं घ्या. त्याचा जोड पूलपासून दूर, जमिनीपासून उंच आणि झाकलेला ठेवा. पंप हलवायचा, जाळी साफ करायची किंवा पाण्यात हात घालायचा, तर प्लग काढून. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर ते बदलत बसू नका, पंपात पाणी शिरलेलं असतं. विजा कडाडत असताना काम थांबवा.

11. पंप गुणगुणतो, पण पाणी येत नाही.

बहुतेक वेळा पंपाने हवा धरलेली असते. प्लग काढा, पंप पाण्यातच आडवा करा, बुडबुडे जाऊ द्या आणि पुन्हा लावा. सुरुवातीला नळी काठावरून उंच चढत असेल तर हवा आतच अडकते. नळीचा पहिला मीटरभर भाग पंपाकडून वर चढता आणि सरळ ठेवा.

एवढं करूनही पाणी आलं नाही तर पुढचं तपासा: व्हॉल्व्ह उलटा बसला आहे का, नळी मुडपली आहे का, आणि खालची जाळी उघडल्यावर इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा आतला पंखा, बोटाने मोकळा फिरतो का. पानाचा एखादा देठ किंवा धागा दांड्याला गुंडाळला गेला तरी तो अडतो. पंप मधेच बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर मोटर तापून तिचं संरक्षण पडतंय. अडलेला इम्पेलर किंवा कोरडं चालणं, यांपैकी एक कारण असेल.

12. दर दहा मिनिटांनी पानं अडकतात. काही उपाय?

भरपूर भोकं असलेली प्लास्टिकची टोपली घ्या आणि पंप तिच्यात ठेवा. टोपलीची बाजू पंपाच्या जाळीपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून तिच्याशी ओढ हलकी होते. पानं चिकटली तरी पाणी बाजूने येत राहतं. टोपलीच्या तळाची धार कव्हरला लागू नये म्हणून खाली फोमचा तुकडा घाला. गोण्याच्या किंवा कांद्याबटाट्याच्या जाळीच्या पिशवीत पंप घालू नका, ओढीने पिशवी पंपाच्या तोंडालाच चिकटते.

पाणी संपल्यावर उरलेल्या पानांना दोन दिवस ऊन लागू द्या. वाळली की मऊ झाडूने सहज निघतात.

13. शेवटचं पाणी काही केल्या निघत नाही.

पंपाचा आवाज ऐका. पाण्याने भरलेला पंप एकसुरी, जड आवाजात चालतो. मग मध्ये मध्ये खरखर येते, नळीच्या तोंडातून पाणी धक्क्याधक्क्याने पडतं. तेव्हा बंद करा. या मोटरला भोवतालचं पाणीच थंड ठेवतं. कोरडी चालली की काही मिनिटांत दांड्याचं सील जळतं, आणि पुढच्या पावसात पाणी मोटरमध्ये शिरतं.

काठावरून कव्हर हलकं उचलत गेलात तर कडेचं पाणी मध्ये येतं. मग पंप पाच मिनिटं चालवा. त्यानंतर उरलेलं पातळ पाणी उन्हावर सोडा.

14. हे पाणी सोडायचं कुठे? पूलमध्येच सोडलं तर वाया जाणार नाही.

पूलमध्ये नको. त्यात कुजलेल्या पानांचा रंग, शेवाळ, डासांच्या अळ्या असतात, आणि पूलमधल्या औषधांचं प्रमाण पातळ होतं ते वेगळंच.

काठापासून निदान 4-5 मीटर लांब, उताराला, गवतावर किंवा झाडांना सोडा. काठालगत सोडलेलं पाणी पूलच्या भिंतीमागे मुरतं, फरशी खचते, आणि अस्तराखाली पाण्याचा फुगा येतो. शेजाऱ्याच्या आवारात किंवा सांडपाण्याच्या गटारात सोडू नका. भोकामुळे पूलचं पाणी मिसळलं असेल तर झाडांना घालण्याआधी क्लोरीन तपासा.

15. पंप बंद केला तरी नळीतून पाणी वाहतच राहतं. आणि पंप नसेल तर असंच काढता येईल का?

दोन्हींचं उत्तर सायफन. नळीचं बाहेरचं टोक कव्हरवरच्या पाण्यापेक्षा खाली असेल तर एकदा भरलेली नळी पंपाशिवायही वाहते. कव्हर अखंड असेल तर ही फुकटची मदत आहे. भोक असेल तर पंप बंद करूनही पूल रिकामा होत राहतो, म्हणून काम संपल्यावर नळी पाण्याबाहेर काढा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हा प्रवाह थांबवत नाही, तो फक्त उलट येणारं पाणी अडवतो. बाहेरचं टोक बादलीत किंवा डबक्यात बुडालेलं असेल तर उलटा सायफनही लागू शकतो, आणि तिथे तो कामाला येतो.

पंपाशिवाय काढायचं तर नळी नळाच्या पाण्याने पूर्ण भरा. दोन्ही टोकं दाबून धरा, एक टोक कव्हरवर बुडवा, दुसरं खाली नेऊन सोडा. जमिनीवर उभ्या असलेल्या पूलला ही पद्धत उत्तम लागू पडते. जमिनीत बांधलेल्या पूलला आसपास उतार असेल तरच. तोंडाने ओढून नळी भरू नका, पाणी घाण असतं.

16. जाळीच्या कव्हरवर पाणी उभं आहे. पंप लावू का?

लावू नका. जाळीवर ठेवलेला पंप सरळ पूलच उपसतो, कारण वरचं आणि खालचं पाणी इथे एकच आहे. पूलची पातळी जाळीपर्यंत चढली असेल तर पूलच्या नेहमीच्या निचऱ्यातून पातळी स्किमरच्या मध्यापर्यंत उतरवा. पातळी खाली असूनही वर पाणी दिसत असेल तर जाळी गाळाने बुजली आहे, ती ब्रशने धुवा.

17. मोटरवर गुंडाळलं जाणारं कव्हर आहे. पाण्यासकट उघडलं तर?

बटण दाबलंत की दोन-तीन टन पाणी कापडासोबत ओढलं जाईल. दोऱ्या तुटतात, कापड रुळातून निसटतं, मोटर जळते. कव्हर बंद केलं की पाऊस असो वा नसो, पंप त्यावर ठेवायची सवय लावा. उघडण्याआधी पाणी उपसा आणि पंप, नळी, वायर काढून घ्या. पंप विसरून कव्हर उघडणं ही या प्रकारातली फार नेहमीची चूक आहे. कव्हरच्या बटणाशेजारीच तशी पाटी लावा.

18. बाहेरगावी जाताना आपोआप चालणारा पंप लावून जाऊ का?

कव्हर नवं असेल, प्रश्न 5 मधली एक दिवसाची चाचणी नुकतीच केली असेल आणि कोणी दोन दिवसांनी येऊन खूण बघणार असेल, तर हो. नाहीतर आम्ही नको म्हणू. पावसाचं पाणी आठवडाभर कव्हरवर राहिलं तर खालचं पाणी ते पेलून धरतं. पण भोक पडलेल्या कव्हरवर आपोआप चालणारा पंप आठवडाभरात पूल धोक्याच्या पातळीला नेतो. आवारात लहान मुलं येत असतील तर मात्र पाणी तसं सोडणंही चालत नाही, मग रोज येऊन पाहणारं माणूस हवंच.

19. भोक नाही, चाचणी केली. फक्त पावसाचंच पाणी काढलं. तरी पूल 6 सेंमी खाली कसा?

प्रश्न 4 मध्ये पाऊस साचल्यावर पूलची पातळी वर चढते असं सांगितलं. त्या वेळी स्किमर किंवा ओव्हरफ्लोची वाट उघडी असेल तर चढलेलं पाणी तिथून निघून जातं, कोणाच्या लक्षातही येत नाही. मग वरचं 3000 लिटर काढलं की पूल तेवढाच कमी भरलेला दिसतो. कव्हरवर पावसाचं पाणी, आणि ओव्हरफ्लोतून औषध घातलेलं पाणी, असा सौदा झालेला असतो. यावर उपाय एवढाच की जोराच्या पावसात पाणी साचू न देता लगोलग उपसत राहणं. पातळी उतरलीच असेल तर कव्हरला पुन्हा आधार मिळेपर्यंत पूल भरून घ्या.

20. वाऱ्याने कव्हर उडू नये म्हणून थोडं पाणी ठेवावं असं सांगतात. खरं का?

कडेला पाण्याच्या पिशव्या ठेवून अंथरलेल्या सैल कव्हरपुरतं खरं. दोन-तीन सेंमी पाणी कापड खाली दाबून धरतं आणि फडफड थांबते. पण हे कुंपण बंद असलेल्या, मुलं येऊ शकत नाहीत अशा जागीच करा, आणि तेवढं पाणीही दर आठवड्याला बदला. पट्ट्यांनी ताणून बांधलेल्या सुरक्षा कव्हरला याची काही गरज नाही.

21. कव्हरवरचं पाणी गोठलं आणि पंप आतच अडकला. आता?

ओढू नका, घण घालू नका, उकळतं पाणी ओतू नका. बर्फाची धारदार कड कापड फाडते. प्लग काढून ठेवा आणि बर्फ आपोआप सुटेपर्यंत थांबा. सुटल्यावर पंप थेट सुरू करू नका. आतलं पाणी गोठताना फुगतं आणि पंपाचा खालचा भाग तडकवतं, म्हणून आधी तडा आहे का पाहा, इम्पेलर बोटाने फिरवा, आणि बादलीभर पाण्यात आरसीसीबीवर चालवून बघा. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर संध्याकाळीच पंप काढून त्यातलं आणि नळीतलं पाणी ओतून द्या. व्हॉल्व्ह जोडलेला असला तर नळी उलटी धरूनही ती रिकामी होत नाही, व्हॉल्व्ह सोडवावा लागतो.